ओळंब्याच्या घराला तडा नाही

माझ्या धाकट्या जावेच्या घराला तीन भेगा होत्या आणि आमच्या घराला एकही नव्हती. हसा, खुशाल हसा. आमच्या गल्लीत राहिला असतात तर तुमच्याही पोटात दुखलं असतं.

आमची गल्ली खाणीच्या काठावर आहे. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा खाण टेकडीच्या पलीकडे होती. पुढे टेकडीच संपली आणि खाण चालत चालत आमच्या परसापर्यंत आली. रोज दुपारी भोंगा होतो. भोंगा झाला की बायका मांडणीवरचे कप खाली उतरवतात, म्हातारी माणसं दाराची चौकट धरतात, आणि मग सुरुंग उडतो. घर खालून कुणीतरी हिसका द्यावा तसं हलतं. मागून धूळ येते, ती संध्याकाळपर्यंत बसत नाही. माझ्या स्वयंपाकघराला एक चांगली मोठी खिडकी आहे. लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी मी ती बंद केली ती केलीच. लेक आता कॉलेजात आहे.

मला काय हवं होतं ते आधीच सांगते, उगाच कोडं नको. मला खिडकी उघडून स्वयंपाक करायचा होता. बास. आणि त्यासाठी मला नव्या वसाहतीतलं घर हवं होतं.

या वसाहतीची पण एक गंमतच आहे. आमच्या खाणीतून जे निघतं त्यावर म्हणे अख्ख्या देशाचे कारखाने चालतात. ट्रकामागे सरकारला कर मिळतो, आणि त्यातला वाटा जिथं धूळ पडते तिथं परत यावा असा कायदा आहे. आलाही की परत! पहिल्यांदा आला त्याची गावाच्या तोंडाशी दिव्यांची कमान झाली. दुसऱ्यांदा आला त्याचा रस्ता झाला, तो आमच्या पुढाऱ्याच्या मेव्हण्याच्या गोदामाशी जाऊन थांबला. तिसऱ्यांदा आला तेव्हा निवडणूक जवळ होती, म्हणून घरं झाली. नळ, शाळा, दवाखाना, सगळं खाणीपासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला.

घरं कुणाला? तर खाणीपासून अमुक अंतराच्या आत राहणाऱ्यांना, असं आधीचं सरकार म्हणालं. नकाशावर रेघ ओढली. रेघ सरळ चालली होती, ती मेव्हण्यापाशी आल्यावर पोट सुटल्यासारखी बाहेर आली, आणि आमच्या गल्लीपाशी आल्यावर तिनं पोट आत घेतलं. लोक भडकले, मोर्चे निघाले, सरकार पडलं. नवे आले ते म्हणाले, अंतर-बिंतर काही नाही, ज्याच्या घराला तडा त्याला घर. आता तडा सुरुंगाचा की आजोबांच्या वेळचा, हे कसं कळणार? त्यासाठी काचेची पट्टी. माणूस येतो, भेगेवर आडवी पातळ काच सिमेंटनं बसवतो, शेजारी लाल रंगानं तारीख घालतो. भेग वाढली की काच तुटते. काच तुटली की तुमचं नाव यादीत.

झालं! ज्या भेगा बायका कॅलेंडर टांगून लपवायच्या त्यांना भाव आला. पाणी भरताना एकमेकींना विचारायच्या, "तुमच्या किती?" आणि माझ्या जावेचा तर पाय जमिनीवर ठरेना. माझी जाऊ म्हणजे माझ्या दिराची बायको, आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. दिसायला बरी, बोलायला गोड, आणि नशीब असं की खड्ड्यात पडली तरी हातात काहीतरी घेऊन वर येईल. तिच्या बाहेरच्या खोलीत तीन पट्ट्या. येईल त्याला त्या भेगेखालीच खुर्ची द्यायची. नवा दागिना दाखवावा तसं मान वळवून म्हणायची, "ही मधली आहे ना, ही वाढतेय हं." मला तिचं ते "वाढतेय हं" अजून ऐकू येतं.

आणि आमच्याकडे? आमच्याकडे गुळगुळीत भिंती.

कारण आमचे हे. ह्यांना गावात कुणी नावानं ओळखत नाही, ओळंबा म्हणतात. ओळंबा म्हणजे गवंड्याची वजन बांधलेली दोरी. भिंतीला लावली की भिंत सरळ का कललेली ते कळतं. ह्यांच्या खिशात ती कायम असते, लग्नाला जाताना सुद्धा. वडील लवकर गेले, तेव्हा पोरवयात विटा वाहायला लागले, मग गवंड्याच्या हाताखाली, मग स्वतः गवंडी. धाकट्या भावाला ह्यांनीच वाढवलं, शिकवलं. गल्लीतली निम्मी घरं ह्यांनी बांधली आहेत. पण कामाला बोलावणाऱ्याची परीक्षा असते. कुणी म्हणालं, "सिमेंट थोडं कमी घाला, वाळू वाढवा," की हे थापी खाली ठेवणार आणि म्हणणार, "वाळूच हवी तर नदीवर जाऊन राहा ना." मालक म्हणाला, घर माझं आहे, तर म्हणणार, "घर तुमचं असेल, भिंत माझी आहे." अर्धी कामं अशी गेली. उरलेली अर्धी त्याच कारणानं आली, हेही खरं आहे.

ती दिव्यांची कमान झाली ना, तिच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी हे तिथून चालले होते. चालले होते तर चालत राहायचं! पण नाही. खिशातून दोरी काढली, कमानीला लावली, आणि चार माणसांत बोलले, "कलली आहे." कमानीचा ठेकेदार कोण, तर पुढाऱ्याचा तोच मेव्हणा. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या दिवसापासून सरकारी काम म्हणून ह्यांना एक वीट मिळाली नाही. नवी वसाहत बांधली तेव्हा लांबून गवंडी आणले, पण ओळंब्याला बोलावलं नाही. इकडे माझा दीर बघा. आधीच्या पुढाऱ्याचा झेंडा धरून खाणीच्या फाटकावर नोकरीला लागला, आणि सरकार बदलल्यावर नव्याचा झेंडा धरून तिथंच राहिला. मी म्हणायचे, "बघा जरा भाऊजींकडे." हे म्हणायचे, "बघतोय की. त्याचं प्लास्टर चांगलं आहे." मी काय बोलते आणि हा माणूस काय ऐकतो!

तर आमच्या भिंती. आमच्या घराला भेगा पडत नव्हत्या असं कुणी समजू नये. पडत होत्या, सगळ्यांच्या पडतात तशाच पडत होत्या. पण हे त्या बुजवायचे. सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा झाला की भिंतीवरून हात फिरवत घरभर हिंडणार. बोट कुठं अडलं की थांबणार. भेग छिन्नीनं खोल करणार, पाणी मारणार, सिमेंट भरणार, वरून पुट्टी, वरून रंग. संध्याकाळी विचारलं तर मलाही जागा दाखवता आली नसती.

"अहो," मी म्हटलं, "लोकांना भेगा असून घरं मिळतायत. तुम्ही हातानं आपली लक्ष्मी बुजवताय."

"लोक घर बांधायला द्यायच्या आधी गवंड्याचं घर बघून जातात," हे म्हणाले. "ओळंब्याच्या घराला तडा, असं एकदा झालं की संपलं."

"मग संपू दे. तिकडं नव्या घरात बसून राहा."

"काय करू बसून?"

देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात, माझं कर्म हातात थापी घेऊन फिरत होतं. एकदा हे कामावर गेल्यावर मी सुरी घेऊन भिंत खरवडायला बसले. ह्यांचं भरलेलं सिमेंट! हाताला फोड आले, सुरीचं टोक गेलं, आणि भिंतीला एवढासा ओरखडा पडला. संध्याकाळी हे आले, ओरखडा बघितला, हात पाय न धुता सिमेंट कालवलं आणि बुजवलं. आणि सुरीला धार लावून ठेवली.

पट्टीवाला आमच्याकडे आला तेव्हा मी त्याला दारातच गाठलं. "आत भेगा आहेत, रंगाखाली. खरवडून बघा," म्हटलं. तो म्हणाला, "बुजवलेली भेग धरत नाहीत, बाई. उघडी दाखवा." मी दाखवणार कुठली? त्यानं भिंतीवरून हात फिरवला आणि काय म्हणावं! "वा, काय काम आहे!" हे मागेच उभे होते. पुढचे आठ दिवस ह्यांची छाती फुगलेली, आणि मी आठ दिवस अळणी भाजी वाढली. ह्यांच्या लक्षातही आलं नाही.

मग यादी लागली. गल्लीतलं प्रत्येक घर त्यात होतं, आमचं सोडून. जावेनं सगळ्यांना चहा पाजला. मला स्वतः कप आणून दिला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही येत जा हं तिकडे. माझ्या स्वयंपाकघरापुढं मोकळं मैदान आहे." मी तो चहा प्यायले. साखर जास्त होती. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडताना सुद्धा मला तिचे पडदे दिसत होते. पिवळे घेतले होते मेलीनं. मला पिवळे आवडतात हे तिला माहीत होतं.

पण म्हणतात ना, हातातोंडाशी आलेला घास! निवडणूक झाली, नव्यांनी ती पुन्हा जिंकली, आणि जिंकल्यावर त्यांची भाषा बदलली. मालाचा भाव पडला होता. खाणवाले म्हणाले, कर कमी करा नाहीतर माणसं कमी करतो. मंत्री म्हणाले, बरं. कर कमी झाला तसा वाटा कमी झाला, आणि बांधून तयार असलेली घरं एकाएकी महाग वाटायला लागली. मग नवा नियम निघाला. तडा चालेल, पण तो सुरुंगाचाच हवा. वाईट बांधकामाचा तडा चालणार नाही. आणि खाणवाल्यांनी सरकारकडे हरकत घेतली की या गल्लीतले सगळे तडे वाईट बांधकामाचे आहेत. पुरावा काय दिला? आमच्या घराचा फोटो! तीच गल्ली, तेवढंच अंतर, तेच सुरुंग, आणि या घराला एक रेघ नाही. म्हणजे सुरुंग निर्दोष.

ही बातमी गल्लीत आली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. इतके दिवस ज्या घराकडे कुणी बघत नव्हतं त्या घरावर आता सगळ्यांचं नशीब टांगलं होतं. दुपारपर्यंत गल्ली आमच्या दारात. किराणावाला आला, शिंपीण आली, जावेच्या पलीकडचे मास्तर आले. सगळ्यांचं एकच म्हणणं. उद्या सरकारी माणसं पाहणीला येणार आहेत, तेव्हा ओळंब्यानं खरं काय ते सांगावं, की भेगा आमच्याही घराला पडतात, मी बुजवतो. हे मान खाली घालून ऐकत होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

शेवटी जाऊ आली. पदराशी चाळा करत म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा ना भाऊजींना. तुमचं ऐकतील."

"माझं ऐकलं असतं तर आज माझ्या नावाचा पण दरवाजा असता तिकडं," मी म्हटलं. ती उठून गेली. पाठमोरी बघितली तर खांदे हलत होते. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं.

संध्याकाळी ह्यांना वाढताना मी म्हटलं, "उद्या तोंड उघडायचं नाही."

ह्यांनी वर बघितलं.

"आपल्याला तर घर मिळणार नाहीच, यादीची मुदत संपली. मग तिला तरी कशाला? इतकी वर्षं तिला सगळं मिळालं. नोकरीवाला नवरा मिळाला, भेगा मिळाल्या. एक घर नाही मिळालं तर मरत नाही कुणी. शिवाय तुमचंच नाव राहतंय. ओळंब्याच्या घराला तडा नाही, हे सरकार लिहून देईल तुम्हाला. तुम्हाला तेच हवं होतं ना?"

होय, असं बोलले मी. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन. ज्यांना वाटतं की मी दुष्ट आहे त्यांनी एक वर्ष माझ्या स्वयंपाकघरात येऊन राहावं. ह्यांनी भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. एक सरकारी अधिकारी बाई, कडक इस्त्रीच्या. खाणीचा इंजिनिअर, डोक्यावर पांढरी टोपी. एक पेपरवाला, गळ्यात कॅमेरा. मागे अख्खी गल्ली. सगळे आधी आमच्या घरात शिरले. इंजिनिअरनं आमच्या भिंतीवर थाप मारली, घोड्याच्या पाठीवर मारतात तशी. "बघा मॅडम," म्हणाला, "बांधकाम असं असतं. इथून खाण दिसते, पण भिंतीला ओरखडा आहे का?" बाई म्हणाल्या, "छान आहे." मी पदरानं तोंड झाकून जावेकडे बघितलं. तिचं तोंड राखेसारखं झालेलं. मला, खरं सांगते, तेव्हा पिवळे पडदे दिसायचे थांबले.

मग सगळे शेजारी, तिच्या घरात. आम्हीही मागोमाग. तिन्ही भेगा, तिन्ही पट्ट्या तुटलेल्या. इंजिनिअरनं विचारलं, "हे कुणी बांधलं?"

माझा दीर हळूच म्हणाला, "भावानंच. त्यांनीच."

"अच्छा! म्हणजे दोन्ही एकाच गवंड्याची." इंजिनिअर हसला. वाईट माणूस नव्हता तो, आपलं काम करत होता. बाईंना म्हणाला, "मग सरळच आहे, मॅडम. स्वतःच्या घराला माल वापरला, भावाच्या घराचा माल खाल्ला. आम्ही बघतो हे नेहमी."

हे तिथून निघून गेले. मला वाटलं, बरं झालं, गेले घरी, गप्प बसले. एवढ्यात भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. ठक, ठक, ठक. सगळे धावलो.

हे आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीसमोर उभे होते, हातात छिन्नी आणि हातोडा. पुट्टीचे पापुद्रे पडत होते, रंग पडत होता. एका भेगेतलं सिमेंट ह्यांनी उकरून काढलं, मग दुसरीतलं, मग वरच्या, चौकटीजवळच्या भेगेतलं. कुठं मारायचं हे शोधावं लागत नव्हतं, डोळे मिटून सापडलं असतं. मी "अहो, अहो" म्हणत राहिले, माझं ऐकतंय कोण! पेपरवाला स्टुलावर चढून फोटो काढत होता. हळूहळू ती अख्खी भिंत उघडी झाली. वरपासून खालपर्यंत भेगा, एकीतून दुसरी फुटलेली, कोपऱ्यात तर बोट जाईल एवढी. एकेक बुजवताना मी बघितल्या होत्या. सगळ्या एकदम कधी बघितल्या नव्हत्या. त्या भिंतीखाली माझी लेक झोपते.

हे वळले. घामानं आणि चुन्यानं माखलेले. इंजिनिअरला म्हणाले, "दोन्ही घरांना एकच माल आहे. एका दिवशी कालवलेला. माझ्या भिंतीला पडतात त्याच भेगा त्याच्या भिंतीला पडतात. मी बुजवतो, तो बुजवत नाही. भावाचा माल खाल्ला म्हणायचं नाही."

इंजिनिअरनं कोपऱ्यातल्या भेगेत बोट घालून बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, याचा अर्थ दोन्ही घरं वाईट बांधलीत." बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. आणि सगळे गाड्यांत बसून गेले.

पुढं काय झालं ते खाणीनं ठरवलं नाही, भेगांनी ठरवलं नाही आणि त्या बाईंनीही ठरवलं नाही. पेपरवाल्यानं ठरवलं. ह्यांचा फोटो पहिल्या पानावर आला, हातात हातोडा, मागे फुटकी भिंत. विरोधी पुढारी तो पेपर घेऊन सभेत उभे राहिले. गावच्या निवडणुका तोंडावर होत्या. मंत्री दुसऱ्याच दिवशी म्हणाले की आम्हाला या गल्लीबद्दल कधी शंका नव्हतीच, यादीतल्या प्रत्येक घराला घर मिळेल, एकही नाव कमी होणार नाही.

यादीतल्या प्रत्येक घराला. जिच्या भिंतीचा फोटो छापून सगळ्यांना घरं मिळाली, ती बाई यादीत नव्हती.

मी कचेरीत गेले. तिथला माणूस म्हणाला, "बाई, तुमची भेग मुदतीनंतरची आहे."

"भेग दहा वर्षांची आहे हो, बाबा!"

"असेल. पण उघडी आत्ता झाली ना. पट्टी लावून देतो. तुटली की पुढच्या यादीत बघू."

"पुढची यादी कधी?"

"सरकारनं काढली की," तो म्हणाला, आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांच्याशी कडाकडा भांडले. लग्नानंतर इतकी कधी भांडले नव्हते. म्हटलं, "मी वर्षभर पाया पडत होते, एक भेग, एकच भेग उघडी ठेवा. ठेवली नाही. हाताला फोड आले माझ्या. माझ्यासाठी नाव खाली गेलं असतं, आणि भावासाठी अख्खी भिंत फोडली? बायको कोण, मी का भावजय?"

हे थापी धूत होते. म्हणाले, "भावासाठी नाही फोडली."

"मग?"

"माल खाल्ला म्हणाला तो." थापी पुसली, खुंटीला लावली. "ती भिंत चांगली बांधलीय मी. धाकट्याची. माझ्या स्वतःच्या घरापेक्षा चांगली."

म्हणजे माझ्यासाठी नाही, भावासाठी नाही, त्या गल्लीसाठी नाही, सरकारला धडा शिकवायला पण नाही. भिंतीसाठी! नाव राखायला एकदा बुजवली आणि नाव राखायलाच एकदा फोडली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. इतकी वर्षं मी जावेच्या नावानं बोटं मोडत बसले, आणि माझी सवत माझ्याच घरात चारी बाजूंनी उभी होती.

गल्ली रिकामी झाली. ट्रक आले, सामान गेलं, मांडण्या गेल्या, दारं सुद्धा काढून नेली कुणी कुणी. जाऊ निघताना माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे झालं हे."

"माझ्यामुळे नाही गं बाई. मी तर त्यांना गप्प बसा म्हटलं होतं."

"माहीत आहे मला," ती डोळे पुसत म्हणाली. "भिंत पातळ आहे. सगळं ऐकू येतं." आणि मग म्हणाली, "मी पण तेच म्हटलं असतं." आम्ही दोघी हसलो. पण ती हसून ट्रकात बसली आणि मी हसून घरात आले, एवढा फरक होताच. परवा लेक तिच्याकडे राहून आली. म्हणाली, "आई, काकूच्या स्वयंपाकघरात वारा येतो. पडदे असे उडतात." मी म्हटलं, "जेव मुकाट्यानं."

आता बाहेरच्या खोलीत सर्वांत मोठ्या भेगेवर आमचीही पट्टी आहे. शेजारी लाल रंगानं तारीख. ह्यांना पट्टीवाल्यानं सक्त ताकीद दिली आहे, हात लावायचा नाही. हे लावत नाहीत. आता कामं फारशी येत नाहीत, फोटो सगळ्यांनी पाहिला आहे, त्यामुळे दुपारी घरीच असतात. भोंगा झाला की मी कप खाली उतरवते आणि आम्ही दोघं पट्टीसमोर येऊन उभे राहतो. मी मनात म्हणते, तूट बाई, तूट, मोकळी कर मला. हे काय म्हणतात ते मी विचारत नाही.

काल सुरुंग जोराचा होता. मांडणी हलली, वरून माती पडली, पलीकडे जावेच्या रिकाम्या घराचं काहीतरी धडाडधूम कोसळलं. धूळ बसेपर्यंत काही दिसेना. मग ह्यांनी पुढे होऊन पदराच्या टोकानं, माझ्याच पदराच्या, काच हळूच पुसली. अख्खी होती. भिंतीनं धरून ठेवली होती.

आणि हे हसले. आपण हसतोय हे त्यांनाही कळलं नसेल. भिंतीवर तळहात ठेवून, डोळे भरून आलेले, असे हसले. इतक्या वर्षांत माझ्याकडे बघून हे असे एकदाही हसलेले नाहीत.